भारतसुंदरीशी संसार

माझ्या लग्नात, मांडवात बसलेल्या दोन बाया माझ्याकडे बघून आपसात बोलत होत्या. एक म्हणाली, नवरी बरी आहे. दुसरी म्हणाली, बरी आहे, पण नवरदेवासारखी नाही. मला वाटलं रंगाबद्दल बोलत असतील, कारण नवरदेव गोरे होते. त्या बाया खरं काय बोलत होत्या ते मला दिवाळीनंतरच्या मंडईच्या नाटकात कळलं. हे माझा लग्नातला शालू नेसून स्टेजवर आले आणि अख्ख्या गावानं शिट्ट्या मारल्या.

मी लाखनीची. मोठ्या रस्त्यावरचं गाव, दिवसरात्र ट्रक धावायचे, त्यामुळे आपण जग पाहिलंय अशी माझी समजूत होती. सासर करडीच्या बाजूला, मधोमध तलाव आणि चारी बाजूंनी धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं. तिथं जग पाहायला कोणी बाहेर जात नसे. वर्षातून एकदा मंडईला जगच गावात यायचं. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगावी मंडई भरते. घरोघरी पाहुणे, दिवसा दंडारीचा नाच आणि बाजार, रात्री नाटक. नाटकात बायकांची कामं पुरुषच करायचे आणि आमच्या गावची नायिका म्हणजे आमचे हे.

सासूबाईंना या गोष्टीचा केवढा अभिमान! मी साडी नेसून समोर चहाचा कप धरून उभी असताना त्या पाहुण्यांना सांगायच्या, "माह्या पोराले साडी शोभते तशी या गावात कोनाले नाही शोभत." पाहुणे माझ्याकडे बघत आणि मान डोलवत. तुमसरला साडी घ्यायला गेलो तर दुकानदारसुद्धा रंग दाखवायला पदर माझ्या खांद्यावर टाकायचा नाही, यांच्या खांद्यावर टाकायचा. मग दोघं मिळून ठरवत की हा रंग उजेडात खुलेल की नाही. मी बाजूला पिशवी धरून उभी. घरी आलेली नवी साडी आधी नाटकात जायची आणि पावडर-घामाचा वास घेऊन माझ्याकडे परत यायची.

मी चिडायची, भांडायची, एकदा दोन दिवस बोललेही नाही. पण खोटं कशाला सांगू, हे स्टेजवर आले की माझाही राग टिकायचा नाही. बाईचं सोंग करणारे पुरुष मी लाखनीलाही पाहिले होते. ते लाजायचे, मुरडायचे, लोक हसायचे. हे काहीच करत नसत. नुसते येऊन उभे राहायचे, एका हातानं पदर सावरायचे, आणि मागं गप्पा मारत बसलेल्या बाया गप्प होऊन पुढं सरकायच्या. घरी हाच माणूस बिडी ओढायचा, बैलांना शिव्या घालायचा आणि जेवताना भुरके मारायचा. स्टेजवरची ती बाई रोज कुठं जाऊन राहते, असा प्रश्न मला पडायचा.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. आमच्या नाट्यमंडळाची नाटकं शाळेतले एक गुरुजी लिहायचे. त्यांना तुमसरच्या रद्दीवाल्याकडे जुन्या सचित्र मासिकांचा गठ्ठा सापडला आणि त्यात विलायतेत झालेल्या जागतिक सौंदर्यस्पर्धेचा वृत्तांत निघाला. स्पर्धा होऊन वीस-पंचवीस वर्षं उलटली होती, पण आमच्या गावाला ती ताजीच होती. फोटोत देशोदेशीच्या पोरी पोहण्याच्या कपड्यांत ओळीनं उभ्या होत्या, छातीवर आडव्या पट्ट्या, पट्ट्यांवर देशांची नावं. समोर कोट-टाय घातलेली माणसं गंभीर चेहऱ्यानं कागद घेऊन बसली होती. शेवटच्या फोटोत एकीच्या डोक्यावर मुकुट होता आणि ती रडत होती.

मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर ते मासिक आठवडाभर फिरलं. जिंकल्यावर ही रडते कशाला, यावर मोठी चर्चा झाली. गुरुजी म्हणाले, आनंदानं. सरपंच म्हणाले, थंडीनं. एवढ्या थंड देशात अंगावर चिंधीभर कापड, वर मुकुट तो बर्फासारखा गार, रडणार नाही तर काय करणार. गावच्या शिंप्यानं चष्मा लावून पोरींची छापलेली मापं वाचली आणि मासिक परत दिलं. त्याचं म्हणणं, छापणाऱ्यानं कुठंतरी घोळ घातलाय, या मापावर पोलकं बेतलं तर कापड वाया जाईल.

त्या वृत्तांतावरून गुरुजींनी तीन अंकी नाटक लिहिलं, ‘भूलोकीची सुंदरी अर्थात कुंकवाची लाज’. कथा अशी की धानपट्ट्यातली एक गरीब, पतिव्रता सून आजारी बापाच्या औषधासाठी विलायतेच्या स्पर्धेत जाते. पतिव्रता सुनेला तिथं जाऊ कोण देईल, हे विचारायचं नाही. तिसऱ्या अंकात परीक्षक मुकुट गोऱ्या विलायती सुंदरीला देतात. मग आमची भारतसुंदरी पुढं येऊन भाषण करते की मुकुट गेला तरी माझं कुंकू माझ्याजवळ आहे. पडदा. पोहण्याच्या पोशाखाच्या फेरीवर मात्र मंडळाची तीन वेळा बैठक झाली. नाटक बसवायचं तर ती फेरी हवीच, असं तरुणांचं मत. सरपंचांनी विचारलं की आपल्या बाया तलावावर रोज अंगभर लुगड्यात आंघोळ करतात, त्यांना कधी कोणी मुकुट दिला का? शेवटी ठरलं की सगळ्या सुंदऱ्या नेहमीच्या कपड्यांतच येतील, फक्त खांद्यावर एकेक टॉवेल राहील.

भारतसुंदरी अर्थातच आमचे हे. पण त्या वर्षी एक नवी गोष्ट झाली. आजूबाजूच्या गावांनी नाटकात नागपूरहून खऱ्या नट्या आणायला सुरुवात केली होती आणि आमच्या मंडळाच्या सचिवांना गाव मागं पडल्यासारखं वाटायला लागलं होतं. विलायती सुंदरीसाठी त्यांनी नागपूरची नटी ठरवली. बाकीचे देश गावच्या पोरांनी वाटून घेतले. सचिव घरी येऊन यांना म्हणाले, यंदा तुमचाच पार्ट ठेवला आहे, पण पुढच्या साली पब्लिक काय म्हणते ते पाहू. पान खात, सहज सांगितल्यासारखं सांगितलं.

त्या दिवसापासून यांनी रात्रीचा भात बंद केला, कंबर सुटू नये म्हणून. सकाळी लवकर पिकणारा हलका धान कापायला निघाले की पायातल्या वहाणा हातात घेऊन बांधीच्या अरुंद मातीच्या धुऱ्यावरून चालायचे, पावलापुढं पाऊल, मान ताठ. मासिकातल्या पोरी तशा चालतात म्हणे. शेजारचे लोक विळे थांबवून बघायचे. खरं तर नट्या आल्या तर माझ्या साड्या सुटतील, मला बरंच वाटायला हवं होतं. आणि वाटलंही, दोन-चार दिवस. मग एका संध्याकाळी हे गोठ्यात गाईपुढं उभे राहून कुंकवाचं भाषण म्हणत होते. आवाज फुटेपर्यंत, पुन्हा पुन्हा, काम हातचं गेलं तर या भीतीनं. ते ऐकून मला त्या सचिवांचा असा राग आला की विचारू नका. मीच आतून शालू काढून आणला आणि सांगितलं की यंदाही हाच नेसा, नागपूरची काय नेसते ते बघूच.

मंडईचा दिवस उजाडला. आमच्याकडच्या नाटकाच्या पत्रकावर नटांपेक्षा पाहुण्यांची नावं जास्त असतात. उद्घाटक, सहउद्घाटक, अध्यक्ष, उपाध्यक्ष, दीपप्रज्वलन करणारे, दीपप्रज्वलनाला उपस्थित राहणारे. एकाचं नाव राहिलं तर तो पुढची पाच वर्षं लग्नाला बोलावत नाही. त्या वर्षी अध्यक्ष होते तुमसरचे एक राइस मिलवाले शेठ. मंडळाचा नवा मखमली पडदा त्यांनीच दिला होता, म्हणून उद्घाटनाच्या भाषणांत पडद्याची स्तुती नाटकापेक्षा लांबली. नारळ झाले, शाली झाल्या आणि पाहुणे खाली उतरायला गेले तर समोरच्या खुर्च्यांवर गावोगावच्या व्याही-जावयांनी कधीच बैठक मारलेली. जावयाला उठवणार कोण? सचिवांना मासिकातला फोटो आठवला. ते म्हणाले, स्पर्धेला परीक्षक लागतातच, मान्यवरांनी स्टेजवरच बसावं आणि तिसऱ्या अंकात विलायती सुंदरीला मुकुट द्यावा.

आता पहिला अंक होता भारतसुंदरीच्या झोपडीत. म्हणजे बाप खाटेवर खोकून खोकून मरतोय, मुलगी त्याच्या उशाशी रडतेय आणि मागच्या भिंतीला टेकून पाच शालवाले खुर्च्यांत बसून सुपारी कातरताहेत. दुसऱ्या अंकात जहाजावरही तेच पाच. प्रेक्षकांना त्यात काही वावगं वाटलं नाही. मोठी माणसं जिथं तिथं असतातच.

घोळ सचिवांच्या बढाईनं केला. दुसऱ्या अंकानंतर त्यांनी शेठच्या कानात सांगितलं की बाकीच्या सुंदऱ्या तर आमची पोरं आहेत हे दिसतंच, पण विलायत आणि भारत या दोघींत एक नागपूरची नटी आहे आणि एक आमचा बाप्या, म्हणजे पुरुष आहे, ओळखून दाखवा. मी पडद्याच्या कडेला शालूची पिशवी घेऊन बसले होते, मला स्पष्ट ऐकू आलं. शेठ हसले. म्हणाले, मूठभर तांदूळ हातात घेऊन धान कोणत्या गावचा ते मी सांगतो, हे काय विचारता.

तिसरा अंक सुरू झाला. टॉवेलची फेरी झाली. जपान अडखळून पडली, आफ्रिकेची पट्टी सुटली. नागपूरची नटी बिचारी नाटक चांगलं करायची, पण तिला विलायती म्हणून उंच टाचांचे बूट दिले होते आणि आमचं स्टेज म्हणजे बैलबंड्यांवर टाकलेल्या फळ्या. ती दणदण पाय टाकत आली. त्यात रात्रंदिवस गावोगाव प्रयोग करून तिचा घसा बसला होता. हे आले ते कसे आले, सांगता येत नाही. माझ्याच शालूत होते आणि मला वाटलं, हा शालू मी कधी पाहिलेलाच नाही. बायांच्या बाजूला कोणीतरी रडत्या पोराला गप्प केलं.

शेठ मुकुट घेऊन उठले. माइकपाशी गेले. नटी शिकवल्याप्रमाणे एक पाऊल पुढं आली आणि शेठ तिच्या अंगावरून सरळ यांच्याकडे गेले.

"ये देखो, असली नारी," शेठ माइकवर म्हणाले. "हा दुसरा बाप्या हाय, चालीवरून समजते, आवाजावरून समजते. बाईचा मुकुट बाप्याले कायले देता?"

आणि त्यांनी तो पत्र्याचा मुकुट यांच्या डोक्यावर दोन्ही हातांनी दाबून बसवला. क्षणभर कोणाला काही कळेना. नटी तशीच उभी, तोंड उघडं. मग अख्खं मैदान उठलं. टाळ्या, शिट्ट्या, टोप्या हवेत. ज्यांना कळलं ते हसत होते आणि ज्यांना नाही कळलं ते आपलं गाव जगात पहिलं आलं म्हणून नाचत होते. विंगेत गुरुजी डोक्याला हात लावून बसले. मुकुट गेला तरी कुंकू आहे, हे भाषण आता म्हणायचं कुणी?

यांनी म्हटलं. मी त्यांना ओळखते, त्या वेळी ते काही ठरवून करत नव्हते. गोठ्यात घोटलेलं भाषण त्यांच्या पोटात होतं आणि ते बाहेर येणारच होतं. फक्त ‘मुकुट गेला’च्या जागी ते म्हणाले की मला हा मुकुट नको, ज्या मुकुटासाठी घरदार सोडावं लागतं तो मुकुट माझ्या कुंकवापुढं काय. बाया हुंदके देऊन रडायला लागल्या. शेठही शालीनं डोळे पुसत होते. मीही रडत होते, आणि मला तर कुंकू कोणाचं ते ठाऊक होतं. भाषण संपलं, यांनी मुकुट परत द्यायला दोन्ही हातांनी उचलला.

शेठनी तो जोरात दाबला होता. मुकुटाबरोबर केसांचा टोपही वर आला. खाली धान कापणाऱ्या माणसाचं बारीक कापलेलं, उन्हानं तांबूस झालेलं डोकं.

मैदानात हसू फुटलं ते थांबेना. यांच्यावर कोणी हसत नव्हतं, सगळे शेठवर हसत होते. शेठ मुकुटाकडे बघत होते, टोपाकडे बघत होते आणि त्यांचा चेहरा धान उकडायच्या भट्टीसारखा लाल झाला होता. सचिवांनी पडदा पाडला. तोही शेठचाच.

त्या एका मिनिटात यांचं जे व्हायचं ते झालं. नटी बाहेरच्या बाजूला सामान भरत होती आणि मोठ्यानं सांगत होती की तिला भर सभेत बाप्या म्हटलं, जिथं पुरुष बायकांचे पार्ट करतात त्या मंडळात ती पुन्हा पाय ठेवणार नाही. तिचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. शेठ जेवायला न थांबता गेले आणि दुसऱ्या दिवशी निरोप आला की पडदा ठेवा, पण माझ्यासारख्या माणसाची अशी फसवणूक ज्या गावात होते त्या गावाला मी पाहुणा म्हणून येणार नाही. फसवलं कोणी होतं? आपणच पारख करायला उठले आणि आपणच फसले. पण हे शेठला सांगायची हिंमत असलेला माणूस मंडळात नव्हता.

मंडळाची माणसं घरी आली ती सुतकाला आल्यासारखी, मान खाली घालून. सचिव म्हणाले, काम फार चांगलं झालं. जरा जास्तच चांगलं झालं. म्हणून मंडळानं ठराव केला आहे की पुढं स्त्रियांच्या भूमिका स्त्रियाच करतील. यांनी खाटेवरच्या बापाचा पार्ट करावा, तो पण भारी पार्ट आहे.

सासूबाई आतून आल्या. "माह्या पोरानं विलायतेच्या बाईले हरवलं," त्या म्हणाल्या. "पह्यला नंबर आला म्हनून नाव कापून राहिले काहो तुम्ही?"

मी विचारलं की यांचं काम वाईट झालं असतं तर? सचिव म्हणाले, वहिनी, वाईट झालं असतं तर बदललंच असतं. म्हणजे दोन्हीकडून दार बंद. मी तिथंच दोन शब्द सुनावले, ते इथं लिहिण्यासारखे नाहीत. हे मधेच म्हणाले, "राहू दे. चहा ठेव त्याईच्यासाठी." आणि मला तो चहा करावा लागला.

बापाचा पार्ट यांनी केला नाही. कुठलाच केला नाही. पुढच्या मंडईला आमच्याकडे पाहुणे आले तेव्हा हे जागलीला म्हणून शेतावर गेले, उशिरा पिकणाऱ्या जड धानाला डुकरं येतात म्हणाले. मिशा वाढवल्या. सासूबाईंना त्या मिशा बघवेनात, त्या यांच्याशी बोलताना दुसरीकडे बघायच्या. गावात मात्र सगळं झटपट सुरळीत झालं. नागपूरच्या नट्या येऊ लागल्या, पत्रकावरची पाहुण्यांची नावं वाढली, शेठही एका वर्षानं पुन्हा अध्यक्ष झाले. माझ्या साड्या आता पेटीतून हलत नव्हत्या. मी कधी पेटी उघडली तर कपड्यांना नुसता डांबरगोळ्यांचा वास यायचा, आणि तो मला आवडायचा नाही.

उन्हाळ्यात माझ्या धाकट्या भावाचं लग्न निघालं. लाखनीला जायचं होतं, बैलबंडी दारात जुंपलेली. मी शालू नेसत होते आणि तो काही केल्या बसत नव्हता, निऱ्या एकीकडे सरकायच्या, पदर ओघळायचा. हे दारात आले, जरा वेळ बघत राहिले.

"थांब," म्हणाले. "असं नोको करू."

त्यांनी बिडी विझवली, हात धोतराला पुसले आणि माझ्यापुढं गुडघ्यावर बसले. निऱ्या सोडल्या, पुन्हा घातल्या. बोटं किती भरभर चालत होती. उठून पदर माझ्या खांद्यावर टाकला, दोन पावलं मागं सरकून पाहिलं, पुन्हा पुढं येऊन थोडा खाली ओढला. मान जराशी उजवीकडे वळवायला सांगितली, मी वळवली. मी म्हटलं, तुम्ही पण चला ना. म्हणाले, उन्हाळी धान आहे, पाणी सोडायचं आहे. आणि आरसा माझ्या हातात देऊन निघून गेले.

मंडपात सगळ्या बाया माझ्याभोवती जमल्या. मावशी म्हणाली, बाई बाई, किती देखणी दिसतेस, लग्नातसुद्धा अशी दिसली नव्हतीस. जन्मात पहिल्यांदा मला कोणी देखणी म्हणत होतं आणि मला हुंदका आवरेना. त्या ज्या बाईला बघत होत्या ती तिकडे बांधीत एकटी, गुडघाभर चिखलात उभी होती.